डिंकाचं मॉडेल

श्यामला गणपुले तीन वर्षं मॉडेल करत होत्या. म्हणजे गणित. तेलात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर वीजक्षेत्र लावलं की प्रत्येक कणाच्या एका अंगाला धन आणि दुसऱ्या अंगाला ऋण भार जमतो. मग कण एकमेकांना खेचत माळा करतात, माळा जवळ येतात आणि स्फटिक तयार होतो. क्षेत्र कमीजास्त केलं की स्फटिकाची वीण बदलते. कशी बदलेल, हे बाईंना आधीच सांगायचं होतं. मूठभर कणांचं गणित हातानं जमलं. हजारांसाठी मुंबईचा कॉम्प्युटर हवा होता. तो मिळेल की नाही, हे समिती ठरवणार होती.

विभागप्रमुख नृसिंहराव यांचं संशोधन म्हणजे कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन. समितीला मॉडेल दाखवायचंय एवढं कानावर पडताच ते तडक मंगळवार पेठेत गेले, गणपतीची मखरं करणाऱ्या ज्ञानूकडे.

समिती आली तेव्हा टेबलावर थर्माकोलचा चौथरा. त्यावर सोनेरी गोळ्यांच्या रांगा, भोवती लुकलुकते दिवे.

“हे काय आहे, सर?”

“तुमचं मॉडेल, बाई! तुम्ही तीन वर्षं घोळ घातलात. ज्ञानूनं दोन दिवसांत उरकलं.”

अध्यक्ष हंबीरराव साखर कारखान्याचे संचालक. साखर हाही स्फटिकच, म्हणून त्यांची नेमणूक.

“क्षेत्र वाढवलं तर?” समितीतल्या एका प्राध्यापकांनी विचारलं.

नृसिंहरावांनी बटण फिरवलं. दिवे आणखी जोरात लुकलुकले. प्राध्यापकांचं समाधान झालं. ते पोह्यांकडे वळले.

“मॉडेल तर झालंय की,” हंबीरराव म्हणाले. “मग कॉम्प्युटर कशाला पायजे, ताई?”

“साहेब, हे गोळे चिकटवलेत! ते हलतात कसे, हाच तर माझा प्रश्न आहे.” बाईंनी एक गोळा उपटला. थर्माकोलचा लचका घेऊनच तो निघाला.

“असं व्हय.” हंबीरराव गंभीर झाले. “मग डिंक जरा कमी लावायचा की.”

कुणी हसलं असतं तर बरं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नृसिंहरावांनी तर ते टिपून घेतलं.

बाईंनी चौथरा उचलला आणि भिंतीवर भिरकावला. थर्माकोलच तो, संतापानं फेकला तरी फटकन आवाजसुद्धा होत नाही. गोळे तेवढे लचक्यांसकट पोह्यांत पडले.

हंबीररावांनी बशीतला गोळा बाजूला काढला.

“मॉडेलच मोडलं. आता कॉम्प्युटर कशावर चालवायचा? नामंजूर!”

“डोक्यावर!” बाई म्हणाल्या आणि दार आपटून गेल्या.

“कुणाच्या?” नृसिंहरावांनी विचारलं.