तिला काही होत नाही

“तिला काही होत नाही,” सासूबाईंनी सांगून टाकलं.

प्रश्न सुनेला होता. नव्या गोळीनं चक्कर येते का, धडधडतं का? गोळी अजून चाचणीतच होती. सिस्टर घरोघरी हेच विचारत फिरायच्या आणि घरोघरी उत्तर सासवा द्यायच्या. गोळी फुकट, सिस्टर दारात. वर कुरकुर करायची म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजायचे. शिवाय सून दुखणाईत निघाली, तर नाक घराचं कापलं जाणार.

सून भिंतीला धरून उभी होती. ओठ पांढरेफटक.

“आत चला, तपासते.”

“इथंच बघा की. नाडी काय लाजते होय?”

“छातीही बघायचीय, काकू.”

दार लोटलं. बोटांखाली नाडी धावत होती, अडखळत होती, मध्येच गप्प होत होती.

“कधीपासून?”

“गोळी सुरू झाल्यापासून. काल मोरीत पडले.” तिनं सिस्टरचा हात धरला. “ताई, सांगू नका कुणाला. मागं कावीळ झाली तर माहेरी धाडलं. पोरगी इथंच ठेवून घेतली. वर्षभर तोंड दिसलं नाही तिचं.”

“आणि मेलीस म्हणजे दिसेल?”

तिनं धरलेला हात सोडला नाही.

“किती वेळ गं?” बाहेरून हाक आली.

सिस्टरनी तिच्या गोळ्यांची पाकिटं पर्समध्ये कोंबली आणि बाहेर येऊन त्या खोटं बोलल्या, “काकू, हिचा कोर्स संपला.”

“म्हटलं नव्हतं? ठणठणीत आहे.”

दवाखान्यात डॉक्टर खुशीत होते. “एकीचीही तक्रार नाही, सिस्टर. आता पलीकडच्या वस्तीतही सुरू करू.”

“एकीला त्रास आहे. नाडी चुकतेय.”

“कोण?”

“नाव नाही सांगता येणार.”

“अहो, नाडीला नाव असतं. मला घरी जाऊन खात्री करावी लागेल.”

“घरचे नाही म्हणतील.”

“मग तक्रार नाहीच, असं धरावं लागेल. ऐकीव गोष्टीवर औषध थांबवू?” ते समजुतीनं हसले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता.

बाहेर औषधाच्या खिडकीशी रांग लागली होती. पुढे सासवा, मागे सुना. सिस्टर रांगेच्या कडेनं गेल्या आणि खिडकीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“गोळ्या आज मिळायच्या नाहीत.”

“कोण म्हणतं?” पहिल्या बाईनं विचारलं.

“मी.”

आत डॉक्टरांची खुर्ची सरकली. मागची एक सून, कुणाचं लक्ष नाही असं बघून, भिंतीला धरून हळूच खाली बसली.