गुणाची खोली

"बघा, बघा! बसले!"

एकांतखोलीच्या दाराला वीतभर काच होती आणि तिला पाच सिस्टरांची पाच नाकं चिकटली होती. शेजारच्या वॉर्डातल्या दोघी खास चमत्कार बघायला आल्या होत्या. अर्ध्या तासापूर्वी आकाशपाताळ एक करणारे शिंपीकाका आत गादीवर मुकाट बसले होते.

"खोलीला गुण आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. या कुलूपबंद मनोरुग्णालयात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. "आत वाघ घाला, बाहेर गाय येते!"

मी नवी होते. "पण आत नेण्याआधी इंजेक्शन दिलं होतं ना?"

"अगं, ते निमित्तमात्र!"

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी खोलीचं कुलूप अडकलं. किल्लीवाला घाम पुसत "उद्या बघतो" म्हणून गेला, आणि नेमके काका खवळले. बादली लाथाडली. सगळ्या काउंटरमागे पळाल्या. मी दोन हात अंतर ठेवून बाकावर बसले.

"काका, झालं काय?"

"बहिणीचं ऑपरेशन झालं! फोन आला, मला कुणी दिला नाही!"

ते ओरडले, रडले, मग बाकावर टेकले. मी फोन लावून दिला. जरा वेळाने काका बहिणीला दटावत होते, "टाके किती? सरळ घातलेत ना? डॉक्टरांचा काही भरवसा नाही!"

ना खोली, ना इंजेक्शन.

मोठ्या सिस्टर काउंटरमागून म्हणाल्या, "गुण भिंतीतून बाहेर आला असणार."

काकांनी फोन ठेवला. "सिस्टर, पहिल्या खेपेला मी आत तासभर दार बडवलं. तेव्हा कळलं, ओरडलं की मुक्काम वाढतो. आता मुठी आवळून बसतो." त्यांनी तळवे उघडले. नखं रुतल्याचे जुने व्रण होते. "मी शांत होत नाही हो. गप्प होतो."

मोठ्या सिस्टर काउंटरमागून पुढे आल्या आणि त्यांनी ते तळवे नीट पाहिले. मग मला हळूच म्हणाल्या, "एकाने मला स्टूल फेकून मारलं होतं. तेव्हापासून कुणी आवाज चढवला की मी आधी काउंटरमागे पळते. दार लागलं की मला बरं वाटतं."

म्हणजे आत जायचा पेशंट, आणि शांत व्हायचो आम्ही! एवढाच तो चमत्कार. उरलेलं काम इंजेक्शनचं, घड्याळाचं आणि सुटकेसाठी गप्प बसणाऱ्या माणसाचं.

दुसऱ्या दिवशी कुलूप दुरुस्त झालं. काका पुन्हा तापले, तेव्हा मोठ्या सिस्टर पदर मुठीत धरून का होईना, बाकावर जाऊन बसल्या. "बोला काका, काय झालं?"

कधी दार लावावं लागेलही. पण भिंतीला गुण चिकटवण्याआधी माणसाला एक प्रश्न विचारून बघा. उत्तर बहुतेक वेळा त्याच्यापाशीच असतं.