राजीनाम्याचा परिच्छेद

मी चष्मा पुसत होते आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. त्याने माझा एक परिच्छेद निळा केला आणि तो नाहीसा झाला. मागोमाग पुण्याहून मुलाचा, देवव्रतचा फोन आला.

"आई, शुद्धलेखन तपासत होतो. तेवढं बाबांचं काढलंय. ते गेले आता, कशाला उगाच?"

कॉम्प्युटर त्यानेच आणून दिला होता. इथला पडदा त्याला तिथे दिसेल अशी सोयही त्यानेच केली होती. मला काही अडलं की तो तिकडून निस्तरायचा. दोन वर्षं मी सगळ्या नागावात त्याचं कौतुक सांगत होते.

परिच्छेद वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी होता, जेमतेम चार ओळींचा. लग्नाआधीपासून मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड. मुंबईचा ट्रंक कॉल जुळला की 'बोला' म्हणायचं आणि आपली कळ बंद करायची. दुसऱ्याचं बोलणं ऐकत बसायचं नाही, हा तिथला पहिला नियम. तीन वर्षं मी ती नोकरी केली. बहात्तर साली, लग्नाला सात महिने झाल्यावर, ह्यांनी माझा राजीनामा लिहून आणला, मी सही केली आणि नारळाच्या वाडीला पाणी लावायला लागले. एवढंच लिहिलं होतं.

ते पुन्हा टाइप करायला बसले, पण बोटं चालेनात. तो आत्ता बघतोय की नाही, मला कळायचा मार्ग नव्हता. कागदावर लिहावं तर हात इतका थरथरतो की माझं अक्षर मलाच लागत नाही. आठवडाभर मी रोज बसायचे, हवापाण्याच्या दोन ओळी लिहायचे आणि पुसायचे. स्वतःच्या घरात मी खालमानेने वावरायला लागले होते.

अंकाचं काम बघणारी क्षिप्रा लेख मागायला आली, तेव्हा तिला सांगितलं. ती हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवते. ती म्हणाली, तो प्रोग्रामच काढून टाकते. पण काढायला पासवर्ड लागत होता आणि तो देवव्रतकडे होता.

"काकू, म्हणजे तुम्ही इथे भाडेकरू," ती म्हणाली.

मग तिने लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमचं सांगितलं. शाळेतली अकरा मशीनं भंगारात निघाली होती, नवी सिस्टिम त्यांना पेलत नव्हती. तिने त्यांच्यावर लिनक्स घातलं आणि ती अजून चालतात. ते फुकट मिळतं, पण तिला त्याचं फार कौतुक नव्हतं. ते जगभरच्या माणसांनी मिळून केलंय, आत काय लिहिलंय ते कोणालाही उघडून वाचता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. म्हणून त्यात चोरून काही ठेवणं अवघड.

मी एकच विचारलं. "देवव्रत आत येईल?"

"तुम्ही आत घेतलंत तरच. पण आधीचं सगळं पुसावं लागेल. आणि नवा पासवर्ड विसरलात तर मलासुद्धा उघडता येणार नाही."

फोटो आणि लेख तिने पेन ड्राइव्हवर काढून घेतले. दुपारभरात काम झालं. पासवर्ड मी टाइप केला, तेव्हा ती तोंड फिरवून माडांकडे बघत बसली. ती गेल्यावर मी चार ओळी पुन्हा लिहिल्या.

देवव्रतचे त्या दिवशी सहा फोन आले. तू दिसत नाहीस, म्हणाला. रविवारी सकाळी तो स्वतःच दारात उभा. आल्या आल्या खुर्चीत बसला आणि पासवर्ड मागितला. उद्या तू पडलीस, काही झालं, तर मी काय करू, असं म्हणत होता. आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता.

पासवर्ड मीच घातला आणि लेख उघडून त्याच्यापुढे केला. "वाच. पुसायचं असेल तर माझ्यासमोर पूस."

त्याने वाचलं. बोट पुसायच्या बटणावर नेलं आणि ते तिथेच थांबलं.

"आई, तू सही केलीस हे तुला आठवतं?"

मी म्हटलं, केलीच असणार, त्याशिवाय नोकरी कशी गेली?

"बाबांच्या कपाटात त्या राजीनाम्याची कार्बन कॉपी होती. ते गेले तेव्हा मला मिळाली." तो पडद्याकडेच बघत होता. "अक्षर त्यांचं आहे. सहीपण त्यांनीच केलीय. तुझ्या नावाची."

मला तेव्हाची माणसं आठवतात, एक्स्चेंजमधल्या मुलींच्या साड्यांचे रंग आठवतात. सही केल्याचं कधीच आठवलं नव्हतं. केली असं धरून मी चौपन्न वर्षं स्वतःलाच बोल लावत आले होते.

"मला वाटलं, तू हे असंच समजत राहिलीस तर बरं. पण ते खोटं छापलेलं बघवलं नसतं," देवव्रत म्हणाला.

मी त्याला उठवलं आणि खुर्चीत बसले. 'मी सही केली' एवढे शब्द शोधून पुसले. त्या जागी काय लिहावं ते सुचेना. तो मागे उभा राहून बघत होता आणि मी त्याला जा म्हटलं नाही.