ट्रकचा पापुद्रा

रिमोटच्या गाड्या पळवणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल मला काडीचाही आदर नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे हिचं तोंड फार चालतं असं नंतर कोणी म्हणायला नको. चालतंच. पोटं सुटलेले, टक्कल पडलेले बाप्ये रविवारी सकाळी या गाड्यांच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत रिमोट घेऊन उभे राहतात. हातभर ट्रक दगडावर चढला की एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात, जणू स्वतःच खांदा लावून वर नेलाय. ट्रक उलटला की तोंडं अशी पडतात की घरी जाऊन सांत्वन करून यावं.

या सगळ्यांत मोठा हिरो म्हणजे आमचा दादा.

दादाला गाडी चालवता येत नाही. तो कायम मागून पहिला असतो. तरी त्याच्या गाडीभोवती घोळका जमायचा, कारण तिची बॉडी देखणी असायची. बॉडी म्हणजे गाडीचं वरचं प्लास्टिकचं कवच. ते काचेसारखं आरपार दिसणारं येतं आणि रंग त्याला आतल्या बाजूने मारायचा असतो, म्हणजे गाडी कितीही घासली, आपटली तरी रंगाला धक्का लागत नाही. आतून रंगवायचं म्हणजे सगळा क्रम उलटा. जे वर दिसायला हवं ते आधी करायचं. आधी बारीक रेघा, गंजाचे ठिपके, दरवाजांच्या फटी, मग मोठा रंग आणि सगळ्यात शेवटी मागून काळा हात. एक रेघ विसरली तर ती नंतर घालता येत नाही.

हे सगळं मी करायचे. मी अर्धा दिवस एका बोर्ड रंगवणाऱ्याकडे ब्लेडने अक्षरं कापते, त्यामुळे हात बसलेला आहे. उरलेला अर्धा दिवस आमच्या बाल्कनीत, टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात डोकं घालून स्प्रे मारते. आई लगेच बाल्कनीचं दार लावून घ्यायची. वासाने तिचं डोकं उठतं. रविवारी दुकानातून तोच वास अंगाला घेऊन दादा घरी आला की मात्र म्हणायची, "दमला गं माझा पोरगा."

"बॉडी कोणी रंगवली?" असं मैदानावर कोणी विचारलं की दादा नुसता हसायचा. खोटं बोलायचे कष्टसुद्धा घ्यायचा नाही. बाकीचे आपोआप समजून जायचे आणि तो त्यांना समजू द्यायचा. मी सोडून देत होते. मला काय, रंगवायला नवीन बॉडी मिळत होती.

मग दुकानातला जुना रंगारी मुलीकडे राहायला गेला आणि त्याचं टेबल रिकामं झालं.

ते टेबल मी पाहिलं होतं. रंग घ्यायला दुकानात मीच जात असे, आणि दर वेळी मागच्या खोलीत डोकावून येत असे. लांबलचक टेबल, वर पांढरा दिवा, मागे वास ओढून घेणारा पंखा, भिंतीवर डबे रंगांप्रमाणे लावलेले. खोलीला दार होतं आणि ते आतून लावता येत होतं. मला ते टेबल हवं होतं. आजवर इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं. गिऱ्हाइकांच्या बॉड्या रंगवायच्या, दिवसभर, उजेडात, आणि कोणी आपल्या तोंडावर दार आपटणार नाही.

जेवताना मी विषय काढणार, तेवढ्यात दादाने काढला.

"मालकांनी मला विचारलंय. रंगाऱ्याच्या जागी येतोस का म्हणाले. मी हो म्हटलं."

माझा घास हातातच राहिला. "तू? तुला ब्रश कुठून धरायचा हे तरी माहीत आहे का?"

"तू आहेस ना. तू इथे घरी रंगव, मी तिथे बसतो. गिऱ्हाईक सांभाळायला माणूस लागतोच की."

"आणि तिथे बसून काय करणार?"

"देखरेख," दादा म्हणाला. त्याला हसूही आलं नाही.

मी आईकडे पाहिलं. आई त्याला वाढत होती. "घरातल्या घरातच आहे ना गं," ती म्हणाली, "त्याला कुठे काही धड लागत नाही. एवढं होऊ दे त्याचं."

होऊ दे. आमच्या घरात दादाचं सगळं होऊ द्यायचं असतं. तीन नोकऱ्या सुटल्या, प्रत्येक वेळी साहेब नालायक होता. लहानपणी धावण्याच्या शर्यतीत मिळालेली त्याची ढाल अजून दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मधोमध आहे. त्या शर्यतीत पळणाऱ्या सगळ्यांनाच ढाल मिळाली होती. हे घरात फक्त मी बोलून दाखवते, आणि ते कोणाला आवडत नाही.

पण मालक अगदीच भोळे नव्हते. त्यांनी अट घातली होती. रविवारी सगळ्यांसमोर एक ट्रक दाखवायचा, आणि तो मॅट हवा. चकचकीत बॉडी कोणीही करतं, कारण चकाकी प्लास्टिकची स्वतःची असते. रंग आतून असल्याने बाहेरून ती कायम नव्या भांड्यासारखी चमकते. धुळीतून आलेला, राबलेला ट्रक दाखवायचा तर बाहेरून मॅट क्लिअर, म्हणजे चमक घालवणारा बिनरंगी थर, मारावा लागतो, आणि तिथे कोणाचीच गय होत नाही. जाड बसला तर दुधाळ होतो. काचा झाकायला विसरलं तर आंधळ्या होतात. बोट लागलं तर बोट दिसतं.

माझा ट्रक तयारच होता. मातकट हिरवा, दारांच्या कडांना गंज, टपावर उन्हाने विटलेला पट्टा. महिनाभर त्यावर जीव ओतला होता. आतलं सगळं झालं होतं, फक्त बाहेरचा मॅट राहिला होता. मी घरात स्पष्ट सांगितलं, "रविवारी हा ट्रक घेऊन मी जाणार. माझ्या नावाने."

दादा काही बोलला नाही. तो गप्प बसला की सावध राहावं, हे मला कळायला हवं होतं.

शनिवारी दुपारी कामावरून आले तर बाल्कनीत माझा ट्रक पाण्याच्या बाटलीवर पालथा वाळत होता. मॅट मारून झाला होता. शेजारी दादा कमरेवर हात ठेवून उभा, नुकतंच घर बांधून झाल्यासारखा.

"मीच दिला काढून," आई आतून म्हणाली. "शेवटचाच हात राहिला होता ना? तो म्हणाला मी मारतो."

मी जवळ जाऊन पाहिलं आणि मला आधी विश्वासच बसेना.

नव्या बॉडीवर बाहेरून एक पातळ, पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला असतो. आतला रंग मारताना उडालेले शिंतोडे त्यावर पडावेत, प्लास्टिकवर नाहीत, म्हणून. आतलं काम संपलं की तो सोलून टाकायचा असतो. ज्याने आयुष्यात एक बॉडी रंगवली आहे त्याला हे माहीत असतं. आमच्या देखरेख अधिकाऱ्याने मॅट त्या पापुद्र्यावर मारला होता. चाकाच्या कमानीपाशी त्याची कड उचललेली मला स्पष्ट दिसत होती. काचाही झाकल्या नव्हत्या. टपावर द्रावणाने पापुद्र्याला सुरकुती पडली होती.

"दादा, अरे ऐक, तो वरचा..."

"वरचंच मारलंय. झालं ते. आता तू उगाच लुडबुड करू नकोस."

"अरे पण त्याच्यावर..."

"आई, हिला सांग गं. नाकाने कांदे सोलायची सवय लागलीय हिला."

"राहू दे ना आता," आई म्हणाली. "जरा कौतुक करशील तर जीभ झडणार आहे का तुझी?"

मी तोंड मिटलं. दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा सांगायला मी काही त्याची नोकर नव्हते. खरं सांगायचं तर मला मजा वाटायला लागली होती. रात्री छान झोप लागली.

रविवारी आम्ही तिघंही गेलो. आईने ठेवणीतले कपडे घातले होते. दुकानाच्या मागच्या खोलीत ती सगळी थोर मंडळी जमली होती आणि माझ्या टेबलावर, पांढऱ्या दिव्याखाली, दादाने स्वतःच्या नावाने ट्रक ठेवला होता. मंडळी वाकून वाकून बघत होती.

"काचा अशा धुरकट कशा रे?" एकाने विचारलं.

"धूळ," दादा म्हणाला. "मुद्दाम केलंय. राबणाऱ्या ट्रकची काच स्वच्छ असते का कधी?"

"वा! आणि टपावर हे?"

"पोचा. माल चढवताना पडतो."

"काय बारकावा आहे!" असं म्हणून एका गृहस्थांनी खरोखर डोळे मिटले. दुसऱ्याने फोटो काढला. या लोकांना सुरकुती विकता येते आणि वर पिशवीही मागत नाहीत. आई भिंतीपाशी उभी होती, तिचा चेहरा नुसता फुलला होता.

मालकांनी चष्मा लावला. ट्रक उचलला, दिव्याखाली तिरका धरला, आणि चाकाच्या कमानीपाशी थांबले. अंगठ्याचं नख कडेखाली घातलं आणि हळूच ओढलं.

चर्र आवाज झाला. पापुद्रा उठला आणि त्याच्याबरोबर दादाचा मॅट, धूळ, पोचा, बारकावा, सगळं एका तुकड्यात निघून आलं. खाली माझा ट्रक होता. हिरवागार, चकचकीत, काचा आरपार, दारांच्या रेघा केसासारख्या. त्याला काहीही झालं नव्हतं. मालकांनी निघालेलं साल खाली टाकलं.

कोणीतरी फिसकन हसलं. मग ज्याने डोळे मिटले होते तोच सगळ्यात मोठ्याने हसला.

दादाचे कान लाल झाले. तो गर्रकन माझ्याकडे वळला. "हिने सांगितलंच नाही मला! एवढं महत्त्वाचं, तर नको सांगायला?"

"तुझा ट्रक," मालक म्हणाले, "मग हिने कशाला सांगायचं?"

मालक माझ्याकडे बघत राहिले. रंगाचे डबे कोण घेऊन जातं, किती रुंदीची चिकटपट्टी मागतं, हे गल्ल्यावर बसून ते इतकी वर्षं पाहत होते. तरी विचारलं होतं दादालाच. त्यांच्याबद्दलही माझं मत काही फार वर गेलं नाही.

"ताई, तुम्ही मारता का मॅट?" ते म्हणाले. "आत्ता, इथे?"

मी बाह्या वर केल्या. साबणाच्या पाण्याने ट्रक धुतला, पुसला, मऊ घासणीने सगळीकडून हलकासा घासला, चकाकी जरा दुखावेल इतकाच. काचांवर आणि दिव्यांवर पट्टी कापून बसवली. मग पंखा लावला, डबा हलवला आणि पहिला हात इतका पातळ मारला की मारलाय की नाही कळेना. थांबले. पुन्हा एक. पुन्हा थांबले. मंडळी कंटाळली, कारण यात बघण्यासारखं काही नसतं. ओला हात चमकतो, आणि मग वाळताना चमक कडेकडून आत विरत जाते. शेवटी काचांवरच्या पट्ट्या काढल्या. समोर एक जुना, दमलेला, खराखुरा ट्रक उभा होता.

"उद्यापासून या," मालक म्हणाले.

मी आईला शोधायला मागे वळले. तिने पाहिलं असेल असं मला वाटलं होतं. ती टेबलाखाली वाकून काहीतरी उचलत होती. दादा कधीच बाहेर जाऊन उभा राहिला होता. आई पिशवी सांभाळत त्याच्या मागे गेली.

आता मी रोज त्या टेबलावर बसते. दार आतून लावते. तो हिरवा ट्रक दुकानाच्या दर्शनी कपाटात आहे, आणि तीच थोर मंडळी आता माझ्यापुढे आपापल्या बॉड्या घेऊन लाळ घोटत उभी असतात. मी त्यांना ताटकळत ठेवते. त्यांच्याबद्दलचं माझं मत जराही बदललेलं नाही.

पहिल्या आठवड्यात एकदा घरी आले तर दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, ढालीच्या शेजारी, काहीतरी नवीन दिसलं. तो पापुद्रा होता. आईने हातांनी सुरकुत्या काढून, आत कागद भरून त्याला शक्य तेवढा ट्रकचा आकार दिला होता. टप एका बाजूला कलला होता. काचांच्या जागी धुरकट डाग होते.

"आई, हे काय ठेवलंयस?"

"राहू दे गं. त्याने स्वतःच्या हाताने केलेलं ते एवढंच तर आहे."

मी बॅग खाली ठेवली. "आणि माझं काय ठेवलंयस त्यात?"

आईने खरंच आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. "तुझं काय ठेवायचं? तू तर रोजच करतेस."

ती आत गेली. मी कपाटासमोर उभी राहिले. मी स्वतः तो तुकडा कचऱ्यात टाकतानासुद्धा दोन बोटांनी धरला असता, आणि आता मला त्याचा हेवा वाटत होता.