आठ पाखरांचं रिंगण

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची नव्हे, न्हाव्याची तर नव्हेच. मी फक्त कागदाची. माझी पाती बोटाएवढी आणि टोकं सुईसारखी बारीक. मला घडवणाऱ्या लोहाराने गिऱ्हाइकाला बजावलं होतं, "हिने दुसरं काही कापलंत तर ही रुसेल हं!" ते गिऱ्हाईक म्हणजे कागदवाल्या मावशी. त्यांनी तीस वर्षं मला रुसायला जागाच दिली नाही.

मावशी खिडकीपाशी काम करायच्या. चौकोनी कागदाच्या तीन घड्या घालायच्या, नखाने दाबायच्या आणि कापायला लागायच्या. पेन्सिलीची रेघसुद्धा नाही. मी जागच्या जागी असे, त्या कागदच फिरवायच्या. उलगडलं की आठ पाखरांचं रिंगण! शेजारशेजारची पाखरं चोचीला चोच, शेपटीला शेपटी लावून उभी. चोचींचा तो जोड ऐन घडीवर यायचा, दोऱ्याएवढा. तो तुटला तर सगळं रिंगण सुटणार. लोक म्हणायचे, "मावशी, काय हात आहे हो तुमचा!" माझं नाव कुणी घेत नसे, पण मी आपली उगाच फुशारून जायची.

मावशींना एकच गोष्ट सलत होती. ते रिंगण दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. आपल्या लेकीने ते शिकावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"ये गं, बस जरा. नुसतं बघ तरी."

"आई, आत्ता नको ना. ऑफिसला उशीर होतोय. रविवारी नक्की."

रविवारी धुणं असे, पाहुणे असत. लेक वाईट नव्हती हो. तिला वाटायचं, आई कुठे पळून चालली आहे?

एका सकाळी अर्धं पाखरू कापून झालं होतं आणि मी मावशींच्या हातून खाली पडले. अर्धांगाचा झटका होता. उजवा हात कायमचा गेला. मग लेकीने रजा टाकली, मला उचललं आणि खाटेशी बसली.

"आई, आता सांग. जोड कसा ठेवायचा?"

"चोच... थोडीशी सोडायची."

"थोडीशी म्हणजे किती?"

मावशींनी डाव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी हलवून पाहिली. "ते हाताला कळतं गं. मला कुठे माहीत आहे?"

लेकीने अंदाजाने कापलं. जोड तुटला आणि रिंगण सुटून पाखरं तिच्या मांडीवर पडली. मावशींना आधी हसू आलं, मग दोघी रडल्या. पंधरा दिवसांत मावशी गेल्या.

ती अर्धी कापलेली घडी लेकीने उलगडली नाही. "आईचा शेवटचा हात लागलाय," म्हणून जाडजूड पुस्तकात दाबून ठेवली. मी गेले स्वयंपाकघरातल्या खणात. पिशव्या कापल्या, सुतळी कापली, एकदा तर तार! माझी धार गेली, पात्यांवर गंज चढला.

बारा वर्षांनी लेक निवृत्त झाली. तिने मला घासूनपुसून धार लावून आणली. मग पुस्तक उघडलं. "जोड बघते आणि तसाच कापते," असं ती स्वतःशीच म्हणाली. तिने घडी किती हळू उलगडली म्हणून सांगू! पण असा पातळ कागद इतकी वर्षं दुमडलेला राहिला की घडीवरच ठिसूळ होतो. एकेक दुमड फुटत गेली. ज्या जोडासाठी तिने ते जपलं होतं, तोच चुरा होऊन तिच्या बोटांना लागला. समोर उरली आठ सुटी पाखरं, डोक्याचा आकार कापून झालेला, पंख अजून कापायचेच.

आता ती रोज मला हातात घेते. साधी फुलं जमतात तिला. पाखरं नाही जमत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना धार लावा, पुसून ठेवा, बरं वाटतं. पण तुमच्या घरात एखादा हात काही घडवत असेल, तर तो चालता आहे तोवर त्याच्याशेजारी जाऊन बसा. आजच बसा. तो जोड किती ठेवायचा, हे आता जगात एकटी मीच जाणते, आणि मला ते लेकीला सांगता येत नाही.