गट ‘ब’मधले म्हणजेसर

म्हणजेसरांनी एकतीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. कुणी काहीही बोललं की ते आधी ‘म्हणजे?’ विचारत, म्हणून हे नाव. शेवटच्या वर्षी वर्गात एकच विद्यार्थी उरला होता आणि तोही खोली चुकून आलेला. सरांनी त्याला परीक्षेपर्यंत कळू दिलं नाही.

सर निवृत्त झाले आणि विभागाला टाळं लागलं. मधली भिंत पाडून ती खोली शेजारच्या मानसशास्त्राने प्रयोगशाळेसाठी घेतली. सरांनी ते मनाला लावून घेतलं नाही. “मानसशास्त्र ही तत्त्वज्ञानाचीच लेक. आई थकली की लेकी तिच्या खोलीत शिवणयंत्र ठेवतातच,” एवढंच ते म्हणाले. म्हणाले ते स्वयंपाकघराला, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं.

त्याच प्रयोगशाळेतून एक तरुण संशोधक बाई सरांकडे आल्या. एकट्या राहणाऱ्या माणसांवर त्यांचा प्रबंध चालला होता. गट ‘अ’कडे दर आठवड्याला कुणीतरी जाऊन तासभर गप्पा मारणार. गट ‘ब’ला काहीच नाही. मग दोन्ही गटांचा एकटेपणा मोजून ताडून बघायचा. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात सर ‘ब’मध्ये निघाले.

“म्हणजे मला काय मिळणार?”

“काहीच नाही, सर. ते मिळत नाहीये हे मोजायला मी दर बुधवारी येईन. वीस प्रश्न आहेत, दहा मिनिटं लागतील.”

पहिल्या बुधवारी दोन तास वीस मिनिटं लागली.

“गेल्या आठवड्यात तुम्हाला एकटं वाटलं? कधीच नाही, क्वचित, अनेकदा, नेहमी.”

“म्हणजे?”

“म्हणजे... एकटं, सर.”

“मी एकटा आहेच. त्यात वाटायचं काय? मी पाच फूट चार इंच आहे, तसं मला वाटत नसतं.”

“सर, मला तुमच्याशी गप्पा मारायची परवानगी नाही. फक्त प्रश्न समजावून सांगता येतो.”

“मग समजावा.”

बाईंनी समजावला. सरांनी त्यातले दोन शब्द उचलून बाजूला ठेवले आणि त्यांचा अर्थ विचारला. नवव्या प्रश्नापर्यंत बाईंनी चपला काढून मांडी घातली होती. बाराव्याला सरांनी चहा ठेवला. चहा गप्पांमध्ये मोडतो का, हे बाईंनी नियमावलीत शोधलं, तर काही लिहिलेलं नव्हतं. दोघांनी नियमावलीच्या मौनाचा मान राखून चहा घेतला.

मग सरांचा आठवडा बुधवारपासून बुधवारपर्यंत मोजला जाऊ लागला. मंगळवारी ते दाढी करत आणि उद्याच्या प्रश्नांवर आक्षेप काढून ठेवत. रविवारी लांबच्या गावाहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन यायचा.

“काय रे, प्रयोगातला उंदीर झालास म्हणे?”

“ताई, उंदराला निदान खायला घालतात. मी ज्याला घालत नाहीत तो.”

“म्हणजे घरातलाच उंदीर. त्यापेक्षा माझ्याकडे येऊन राहा.”

“तू बोलू देत नाहीस.”

“मी आत्ता फोन कानाला लावून काय शेंगा सोलतेय?” ताई म्हणाली आणि पुढे वीस मिनिटं स्वतःच बोलली.

पाचव्या बुधवारी सर पहिल्याच प्रश्नाशी अडले. खरं उत्तर ‘क्वचित’ येत होतं. त्यांनी घसा खाकरला.

“समजा, ‘ब’ गटातला माणूस बरा झाला, तर?”

“कसा होईल? त्याला काहीच मिळत नाही.”

“समजा हो.”

“मग त्याला वगळावं लागेल. त्याला बाहेरून काहीतरी मिळत असणार.”

सरांनी मनात गणित मांडलं. ‘क्वचित’ म्हटलं की बाई येणार नाहीत. बाई आल्या नाहीत की उत्तर ‘नेहमी’ होणार. म्हणजे खरं बोललं की ते खोटं ठरत होतं. अशी कोडी त्यांनी वर्गात फळ्यावर पुष्कळ घातली होती. आता त्यातल्याच एकात राहायला जायची वेळ आली. त्यांनी ‘नेहमी’वर खूण करायला सांगितली. पुढचे तीन बुधवारही तेच.

नवव्या बुधवारी बाई हसतच आल्या.

“सर, तुमचा आलेख कसा सरळ रेषेत आहे बघा. आमचे मार्गदर्शक म्हणाले, असा माणूस मिळायला नशीब लागतं. अर्धा प्रबंध तुमच्यावर उभा आहे.”

सरांनी आलेखावरच्या रेघेवर बोट ठेवलं.

“ती रेघ खोटी आहे. मला आता एकटं वाटत नाही. क्वचितच.”

“केव्हापासून?”

“पाचव्या बुधवारपासून.”

“का पण?”

“तुम्ही मोजायला येता म्हणून.”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, मग काढलं. “सर, हे मला लिहावं लागेल.”

“लिहायलाच हवं,” सर म्हणाले. लिहिताना बाईंकडून सरांचं नाव चुकत होतं, ते सरांनीच दुरुस्त करून दिलं.

दारात चपला घालताना बाई म्हणाल्या, “तीन महिन्यांनी दुसरी तुकडी घेणार आहोत. तुम्ही अर्ज करू शकता. पण अट आहे. सलग तीन महिने कुणाशीच बोलणं झालेलं नको. आणि चिठ्ठीत या वेळी ‘अ’ही निघेल कदाचित.”

“‘अ’ नको,” सर म्हणाले. “त्यात नुसत्या गप्पा असतात.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मनापासून सुरुवात केली. केस कापणारा फार बोलतो, म्हणून तिकडे जाणं बंद. पावाच्या दुकानात ते बोटाने दाखवू लागले. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की ते चष्मा पुसत, पुसून होईपर्यंत काकू गेलेल्या असत.

रविवारी फोन वाजला. पलीकडे ताईच असणार. सर उठले, फोनपाशी गेले आणि हात मागे बांधून उभे राहिले. फोन थांबला, पुन्हा वाजू लागला. कुणीतरी आपल्याला हाक मारतंय हे कळणं, आणि ओ न देता नुसतं ऐकत उभं राहणं, हे बोलण्यात धरायचं की नाही? धरलं तर तीन महिने आत्ताच मोडले होते आणि फोन उचलायला हरकत नव्हती. धरलं नाही, तर अजून सत्त्याऐंशी दिवस होते.

हे कुणाला तरी विचारायला हवं होतं. पण विचारणं तर बोलण्यातच धरलं असतं. फोन वाजत राहिला आणि सर ऐकत राहिले.