एका घरची दोन कार्डं

सासूबाईंनी आयुष्यभर शिवणकाम केलं. त्यामुळे कापड हातात आलं की त्यातून एक जादा झबलं कसं निघेल, एवढंच त्यांना दिसायचं. आमच्या दुकानात त्या बेतायच्या, मी मशीनवर शिवायचे आणि दिवसभर आमचं वाजत असायचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण माझी एक शिवण त्यांना सरळ दिसली असेल तर शपथ.

लढाई सुरू झाली आणि ज्यांचं मूळ सीमेपलीकडचं अशा सगळ्यांची धरपकड झाली. नवऱ्याला आधीच कुठेतरी नेलं होतं. आम्हा दोघींना आणि दोन महिन्यांच्या बाळाला साबणाच्या एका बंद कारखान्यात आणून टाकलं. दारात नोंदणीची रांग होती. पाच मिनिटांत सासूबाईंनी पुढच्या बाईकडून सगळी माहिती काढली. शिधा माणशी नव्हता, कार्डामागे होता. कार्डाला रोज एक पाव आणि एक डबा सूप, मग त्यावर माणसं दोन असोत की पाच.

"तू मला ओळखत नाहीस," त्या माझ्या कानाशी लागल्या. "जा, मागे जाऊन उभी राहा."

"अहो आई, पकडलं तर?"

"तू तोंड उघडलं नाहीस तर कोण पकडतंय? पण तेवढंच तुला जमत नाही."

कागदपत्रं झडतीतच गेली होती. आडनाव विचारल्यावर त्यांनी बेधडक माहेरचं ठोकून दिलं. जन्मभर कापडाशी करत आल्या तेच त्यांनी घराशी केलं. एका घरातून दोन कार्डं बेतली.

साबण वाळवायच्या लाकडी फळ्यांवर आम्ही झोपायचो. भिंतींना सोड्याचा उग्र वास होता, फरशी कितीही पुसली तरी पाय सटकायचा. अनोळखी असल्याचं सोंग आम्हाला मुळीच जड गेलं नाही. नळावरून, कपडे वाळवायच्या दोरीवरून रोज जुंपायची. बाकीच्या त्यांना कात्रीबाई म्हणायला लागल्या. कात्रीबाईंचं आणि माझं पटत नाही, हे अख्ख्या कारखान्याला पाठ झालं.

मी पाण्याला गेले की त्या स्वतःच्या पावाचा एक कोपरा मोडून घेत आणि बाकीचा माझ्या अंथरुणाखाली सरकवत. तेही मुकाट्याने नाही. "नुसती काडी झालीय, पोराला काय पाजणार," असं पुटपुटायच्याच. माझं दूध टिकलं ते त्या पावावर. हे मला तेव्हाही कळत होतं, तरी मी त्यांच्यावर चिडायचेच.

पाचव्या महिन्यात आमच्यातल्याच एका पोस्टमनच्या बायकोची अशीच खोटी नोंद उघडकीला आली. कार्ड रद्द करून तिला लेकरांसकट दगडाच्या खाणीवरच्या छावणीत पाठवलं. तिथून कुणाचीच चिठ्ठी आली नाही. त्या दिवसापासून सासूबाई माझ्याकडे बघेनाशा झाल्या. पाव मात्र येत राहिला.

आणि एक दिवस सकाळी आवारात दोन बस येऊन उभ्या राहिल्या. मदत संस्थेच्या लोकांनी दोन्ही बाजूंच्या हातापाया पडून परवानगी मिळवली होती. अंगावर पाजणाऱ्या आयांना आणि त्यांच्या कार्डावरच्या सगळ्यांना ते सुरक्षित मुलखात नेणार होते. फक्त त्यांच्या कार्डावरच्या. सासूबाईंचं कार्ड वेगळं होतं.

टेबलाशी संस्थेच्या चष्मेवाल्या बाई होत्या, शेजारी छावणीचा अधिकारी.

"कार्डावर तुम्ही आणि बाळ. आणखी कुणी?"

मी मागे बघितलं. सासूबाई नळावर डबा विसळत होत्या. मध्येच खोकल्याची उबळ आली आणि त्या नळाला धरून वाकल्या. महिनाभर त्यांच्या खोकल्यातून रक्त पडत होतं. येती थंडी त्या काढणार नव्हत्या, हे कळायला डॉक्टर कशाला हवा?

"आहे ना," मी म्हणाले. "त्या नळावरच्या. माझ्या सासूबाई आहेत."

अधिकाऱ्याने मान वर केली आणि त्यांना हाक मारून बोलावलं. माझ्या मागे रांगेत मास्तरीणबाई होत्या, त्यांना हसूच आलं. "कसली सासू! या दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत."

सासूबाई ओले हात पुसत आल्या. एखादा बिघडलेला कपडा बघावा तसं त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"ही? माझी सून?" त्या कडाडल्या. "साहेब, इतकी का मी करंटी आहे? हिला फुकट पोर सांभाळायला म्हातारी हवीय. मी नाही जायची असल्या बाईबरोबर!"

रांग हसली. अधिकारीही हसला. चष्मेवाल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "नीट विचार करून सांगा. नोंद खोटी निघाली तर बाळाचंही नाव कटेल. मग माझ्या हातात काही उरणार नाही."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. कित्येक महिन्यांनी बघत होत्या. त्या नजरेत माया वगैरे काही नव्हती, सरळ दम होता. त्यांचंच बरोबर होतं, आणि त्याबद्दल मला त्यांचा भयंकर राग आला.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "ओळखीच्या वाटल्या."

बसमध्ये मला खिडकी मिळाली. त्या परत नळाशी गेल्या होत्या, पाठमोऱ्या. स्वच्छ झालेला डबा पुन्हा पुन्हा घासत होत्या. खाली उतरून त्यांचे पाय धरावेत, निदान एकदा आई म्हणावं, असं इतकं वाटलं की माझा जबडा दुखायला लागला. मी हाक मारली असती तर त्या वळल्या असत्या. कितीही भांडण असो, माझ्या हाकेला त्यांनी ओ दिली नाही असं कधी झालं नव्हतं. आणि अधिकारी बसच्या दारातच उभा होता.

बस फाटकाबाहेर पडली.

मुलगा आता आठ वर्षांचा आहे. आपण कसे सुटलो ते तो पुन्हा पुन्हा विचारतो. मी त्याला बसबद्दल सांगते, पावाबद्दल सांगते, आजी किती भांडायची तेही सांगते. हाक मारली नाही, हे अजून सांगितलेलं नाही.